पाच मिनिटांची पट्टी

उदगीरसारख्या गावात राहून लोकरीचं विणकाम कशासाठी करायचं, हा प्रश्न मन्मथ सर बायकोला पस्तीस वर्षं विचारत आले. वर्षाचे दहा महिने अंगाची नुसती लाही होते आणि उरलेल्या दोन महिन्यांतही दुपारी पंखा लावावा लागतो. कस्तुराबाई यावर कधी उत्तर देत नसत. हसायच्या आणि सुया चालू ठेवायच्या. उत्तर आलं नाही म्हणजे उत्तर नाहीच, अशी सरांची समजूत होती. मास्तर लोकांची बहुधा असते.

सर चित्रकलेचे शिक्षक होते. दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी लागली की खांद्याला शबनम अडकवून एसटीनं निघायचे. कंधारचा किल्ला, माहूरचा डोंगर, होट्टलचं देऊळ, नांदेडचे घाट, सगळं त्यांनी पेन्सिलीनं आणि जलरंगानं वहीत उतरवलं. अशा बावीस वह्या त्यांच्या काचेच्या कपाटात उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर गाव आणि साल. घरी कुणी आलं की चहाच्या आधी वही निघायची. माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो नाहीतर वीजबिलाची चौकशी करायला, कंधार बघितल्याशिवाय त्याची सुटका नसे.

या सगळ्या प्रवासांत कस्तुराबाई बरोबर असायच्या. त्यांच्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि लोकरीच्या सुया. सरांनी रंगाचा डबा उघडला की त्या विणायला बसायच्या आणि डबा मिटला की थांबायच्या. पुढच्या प्रवासाला त्याच टोकापासून नवा रंग लावून पुढे. अशी एक वीतभर रुंदीची पट्टी वर्षानुवर्षं लांबत गेली होती. ना धड मफलर, ना शाल. शंकराच्या गळ्यातल्या नागासारखी वेटोळी घालून ती लोखंडी पेटीत पडलेली असायची. तिचं पुढं काय होणार आहे, हे सरांनी कधी विचारलं नाही.

गेल्या पौषात त्यांची मुलगी मंजुश्री लातूरला बाळंत झाली. नोकरी लातूरला, दवाखाना लातूरला, म्हणून लेकीनं माहेरी येण्याऐवजी आईच तिकडं गेली होती. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईंचा फोन आला.

"पाचवीला येताना टोपरं घेऊन या. नवं न्हाई आणायचं बघा. पहिलं कापड जुनंच लागतंय लेकराला. माझ्या पेटीत तुमचा हिरवा स्वेटर हाय, कोपरावर इरलेला. तो उसवा आन् अंजूकडून टोपरं आन् बंडी विणून घ्या. माझी बोटं आता वळत न्हाईत."

नव्या जिवाला नवं कापड घालायचं नाही, वापरलेलं, मऊ झालेलं घालायचं, ही रीत सरांनाही ठाऊक होती. मंजुश्रीचं पहिलं झबलं त्यांच्या आईच्या लुगड्याचं होतं. त्यांनी पेटी उघडली. हिरवा स्वेटर वरच होता. उचलला, उजेडात धरून पाहिला. कोपर विरलं होतं खरं, पण सकाळच्या फेरीला तो असा काही ऊबदार लागायचा की बस. आणि हाताशी दुसरी इतकी लोकर पडलेली असताना चांगला स्वेटर कशाला उसवायचा? सरांनी स्वेटर खुंटीला अडकवला आणि पट्टी काखोटीला मारून शेजारी अंजूकडे गेले.

अंजू शेजारच्या शिंप्याची सून. लहान मुलांचे लोकरीचे संच ती गिऱ्हाइकांना करून द्यायची. पट्टी उलगडता उलगडता तिच्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"सर, हे कशाचं व्हतं ओ?"

"कशाचं काय. टाइमपास होता तिचा."

"उसवू ना मग? बाईंनी सांगितलंय ना?"

"जुनी लोकर उसवा म्हणाली. ही जुनीच आहे की."

अंजूनं शेवटची गाठ सोडली आणि धागा ओढला. दोन संध्याकाळी हे काम चाललं. सरांनी स्वतः दोन्ही हात पुढं धरले, त्यांच्या मनगटांवर लोकरीच्या लडी चढत गेल्या. पिवळी, निळी, पांढरी, विटकरी. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होऊन येत होती. "एक बी टाका चुकलेला न्हाई हो," अंजू मध्येच म्हणाली. सरांना बायकोचा अभिमान वाटला, हेही सांगितलं पाहिजे. त्या दोन संध्याकाळी ते फार खुशीत होते.

पाचवीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते लातूरला पोहोचले. थंडी कडाक्याची होती. दारात कस्तुराबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पूजेची मांडामांड चालली होती, बाळाला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं होतं. सरांनी ऐटीत टोपरं आणि बंडी काढून पाटावर ठेवली. दोन्हींवर रंगीबेरंगी पट्टे होते.

"अगबाई, किती गोड!" मंजुश्री म्हणाली आणि मग रंग ओळखून तिनं आईकडे पाहिलं.

कस्तुराबाईंनी टोपरं हातात घेतलं. आतली बाजू बाहेर केली, बोटानं धागा चाचपला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सरांच्या अंगात हिरवा स्वेटर होता.

"सगळी उसवलाव?" त्यांनी विचारलं.

"सगळी. उरलेली लोकर पिशवीत आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वाकून नातवाच्या डोक्यावर टोपरं चढवलं. ते बरोब्बर बसलं. पुढं पूजा झाली, जेवणं झाली, कस्तुराबाईंनी सरांना आग्रह करून दुसरी पोळी वाढली. काही बिनसलंय, हे सरांना कळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली, आणि तेही मुलीनं सांगितलं म्हणून.

"पप्पा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" मंजुश्री बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "मी लहान असताना तुम्ही शाळेत गेलात की आई ती पट्टी पलंगावर पसरायची. बोट ठेवून सांगायची, हे माहूर, हे कंधार, इथं मला माकडानं भाकरी पळवली, इथं एका बाईनं ताक दिलं. तुमच्या वह्या होत्या तशी तिची ती पट्टी होती."

हिरवा स्वेटर सरांनी काढून घडी घालून ठेवला. थंडी वाजत होती, पण तो पुन्हा अंगात घालायची त्यांची छाती होईना. जिनं तो स्वेटर विणला तिनं तोच उसवायला सांगितला होता, आणि आपण आपली ऊब राखून तिचं सगळं उसवून आलो. वर मनगटं पुढं करून, हौसेनं.

पण चित्रकार माणूस. हात चालतात तोवर आशा सुटत नाही. ते तडक गंजगोलाईच्या बाजारात गेले आणि जाड कागदाची एक लांब गुंडाळी, रंगाचा डबा, दोन ब्रश घेऊन आले. पट्टी कागदावर पुन्हा उभी करायची, तितकीच रुंद, तितकीच लांब, रंगाला रंग. वीण गेली तर गेली, निदान कस्तुराला बोट ठेवायला जागा तरी होईल. त्यांनी फरशीवर कागद पसरला आणि बायकोला हाक मारली.

"कस्तुरा, इकडं ये. सांग बघू, सुरुवात कुठून होती?"

कागद कशासाठी आहे ते कस्तुराबाईंनी ओळखलं. बाळ नुकतंच झोपलं होतं. त्यांनी वेताचा मोडा ओढला आणि सरांच्या मागं बसल्या.

"मागं नको. पुढं ये, रंग दिसू दे."

"दिसायलंय मला इथून," त्या म्हणाल्या. "कंधारचं काढा. पिवळं."

"पिवळं? कंधारचा किल्ला काळ्या दगडाचा आहे. माझ्याकडं चार चित्रं आहेत त्याची."

"किल्ला काळा असंल. तुमचा सदरा पिवळा व्हता."

सरांचा ब्रश पाण्यात तसाच राहिला.

"आदल्या दिशी तुमी इस्त्रीला कोणता सदरा टाकलाव ते बघायची मी, आन् तसली लोकर पिशवीत घ्यायची," कस्तुराबाई सांगत होत्या. आवाजात राग नव्हता. "तुमी पुढं तोंड करून बसायचाव. मी मागं सावली बघून बसायची. मला तुमची पाठच दिसायची दिवसभर. तीच विणली."

थोड्या वेळानं सरांनी पिवळा रंग कालवला आणि पट्टा ओढला. पुढं माहूरचा निळा. त्यांनी अंदाजानं दोन विती मापल्या.

"तेवढं न्हाई. माहूर लई लांब हाय."

"तीन तास बसलो असेन मी."

"सकाळच्या न्याहारीपासनं दिवाबत्तीपर्यंत. दर्शन राहिलं माझं तवा. गाभाऱ्यात जाऊ म्हणले, तर तुमी म्हणलाव, पाच मिनिटं थांब, उजेड जातोय."

हे त्यांचं जुनं वाक्य होतं. घरात त्याची थट्टा व्हायची, सरांची पाच मिनिटं म्हणजे मास्तरांचा तास. आता ती पाच मिनिटं कागदावर विती-वितीनं पसरत चालली होती आणि सर गुडघ्यांवर रांगत मागं मागं सरकत होते. माहूर भिंतीपर्यंत पोहोचलं. त्यांना कागद वळवून घ्यावा लागला.

"आता?" त्यांनी विचारलं. "होट्टल का?"

आतून पाळण्याची दोरी कुरकुरल्याचा आवाज येत होता.

"पांढरं," त्या म्हणाल्या. "होट्टलचं पांढरं."

होट्टलचं चित्र सरांचं सगळ्यांत गाजलेलं. देवळाच्या भिंतीवरची शिल्पं, त्यांवरचं उतरतं ऊन. ते पाहून लोक अजून वा म्हणतात. त्या दिवशी परतताना देगलूरला उतरायचं ठरलं होतं. लक्ष्मम्मा, कस्तुराबाईंची थोरली बहीण, तिथं अंथरुणाला खिळलेली होती. होट्टलहून देगलूर हाकेच्या अंतरावर. पण ऊन इतकं सुरेख पडलं होतं की चित्र हातावेगळं होईतो दिवस मावळला आणि उदगीरची शेवटची गाडी गाठावी लागली. पुढच्या खेपेला जाऊ, असं सर म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात निरोप आला तो लक्ष्मम्मा गेल्याचाच.

"मला जोर करून उठवायचं होतंस," सर म्हणाले.

"दोनदा म्हणले. तिसऱ्या बारीला म्हणलं तर मान राहत न्हाई माणसाचा."

"चुकलं माझं, कस्तुरा." पस्तीस वर्षांत सरांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यांना वाटत होतं ते अवघड असेल, पण अवघड नव्हतं, नुसता उशीर झाला होता. "पट्टीचंही चुकलं आणि तेही. स्वेटर माझा होता म्हणून ठेवला मी. खोटं नाही बोलत."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. मग हात लांब करून त्यांनी पांढऱ्या कागदाला बोट लावलं. "हे नका रंगवू. पांढरंच ऱ्हाऊ द्या. होट्टल उसवलाव ते एका अर्थी बरंच झालं. माझ्यानं कदी उसवलं नसतं. पेटी उघडली की तेच आदी दिसायचं."

सरांना एकदम हलकं वाटलं. चला, काहीतरी बरं झालं होतं आपल्या हातून. ते डोळे पुसून बायकोकडे वळले. कस्तुराबाई कागदाकडे पाहत होत्या.

"पर औसा ठेवायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "चारच बोटं व्हती औशाची. तेवढी कापून ठेवली असती तर लेकराचं टोपरं काय अडत नव्हतं."

"चारच बोटं?"

"त्या दिशी तुमी डबा उघडलाव, लगेच मिटून टाकलाव आन् माझ्याकडं वळून बसलाव. सगळ्या परवासात तेवढाच एक दीस."

सरांनी कंधारच्या कमानीचे दगड आठवून मोजून दाखवले असते. माहूरच्या पायऱ्यांवर कुठं ऊन आणि कुठं सावली होती, ते डोळे मिटून सांगितलं असतं. आता ते इथं लातूरजवळचंच औसा आठवू लागले. बावीस वह्या त्यांनी मनातल्या मनात पानोपान उलटल्या. औशाची वहीच नव्हती. काही काढलंच नव्हतं, मग आठवणार कशावरून? डबा मिटून ते काय करत होते, कुठं बसले होते, काय बोलले होते, की हसले होते, त्यांना काही म्हणता काही सापडेना.

"काय झालं होतं गं औशाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

आधी कस्तुराबाईंना वाटलं नवरा थट्टा करतोय. मग थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुमाला बी ठाऊक असंल असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या, आणि बाळाचं रडणं ऐकून गुडघ्यावर हात टेकत उठल्या.