आम्लाची पायरी

पावडरीच्या डब्यावर ‘आतड्याचं अस्तर सांधते, सिद्ध’ असं छापायला ज्यांनी शिक्का मारला, त्यांनी लोकांच्या पोटाशी जुगार खेळला. गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही.

ती पावडर जिथं तपासली, त्याच प्रयोगशाळेत धाकटी कामाला. जाळीदार पडद्यावर आतड्याच्या पेशी वाढवायच्या, त्यांची भिंत एकसंध झाली की दोन बाजूंना विजेची टोकं बुडवून ती गळते का ते बघायचं. पावडरीतले दुधाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, ओतले की फाटलेली भिंत खरंच सांधायची. पण ते थेट पेशींवर ओतलेले! माणूस काही आतड्यावर पावडर शिंपडत नाही. तो खातो, आणि वाटेत जठर बसलेलं असतं. धाकटीनं एकदा पावडर आधी आम्लात, पाचकरसात मुरवली आणि मग ओतली. भिंत गळतच राहिली.

“पेशींची प्लेट बिघडली असेल,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. असेलही. प्लेटा बिघडतातच.

आज दुपारी ती ताईकडे गेली, तर ओट्यावर तोच डबा. भावोजींच्या आतड्याला जुने व्रण होते.

“भावोजी, गोळ्या घेताय ना?”

“घरात मेहुणीचा वशिला असताना डॉक्टरची मनधरणी कशाला?” भावोजी हसले. चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा. “गोळ्या दिल्या सोडून.”

“अगं, तुझ्या लॅबचा म्हणून तर आणला,” ताई म्हणाली. “अशी काय बघतेस, भूत बघितल्यासारखी?”

आम्लातल्या प्लेटचं सांगावं, तर धाकटीला खात्री कुठं होती? एकच तर प्लेट. तेवढ्यात भावोजी पोट दाबत उठले, भिंत धरून संडासात गेले. बराच वेळ नुसतं कण्हणं. मग बारीक आवाज आला, “अगं, इकडे ये जरा. रक्त पडतंय.”

“ताई, डॉक्टरांना फोन लाव. आत्ता!” धाकटी ओरडली, आणि तिनं स्वतः प्रमुख बाईंना लावला.

“मीटिंगमध्ये आहे गं, उद्या बोलू.”

“उद्या नाही, बाई. माझे भावोजी तुमच्या डब्यावर विसंबले, आता त्यांना रक्त पडतंय. आम्लातली प्लेट पुन्हा कुणी लावली होती का?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“ही पावडर पोटातून शाबूत खाली उतरते, हे छापण्याआधी कुणी तपासलं? हो की नाही, बोला!”