काटा अर्ध्याच्या खालीच होता

मी काटा बोलतोय. पायात रुततो तो नव्हे, आणि दुकानात वजन करतो तोही नव्हे. एका जुन्या, जेमतेम दोन माणसं मावतील अशा स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या शेजारी, गोल काचेखाली मी राहतो. इंजिनातलं पाणी किती तापलंय हे सांगायचं, एवढंच माझं काम. डावीकडे 'थंड', उजवीकडे 'गरम' आणि या दोन टोकांमध्ये मी.

माझं जग एवढंसंच, पण त्यात मी ताठ मानेने जगलो. खोटं कधी बोललो नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर माझा शब्द प्रमाण मानला, त्याचं पाऊल माझ्यावरच्या विश्वासापायी जायची वेळ आली होती, म्हणून सांगतोय. ऐका आणि मग काय तो न्याय करा.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एका बाईने बारीक कुंचल्याने माझं टोक शेंदरी रंगवलं. मग तापलेल्या पाण्यावर माझी परीक्षा झाली. मी एकटा नव्हतो. माझा एक जोडीदार होता, पितळी सेन्सर. मी त्याला खबऱ्या म्हणायचो. तो इंजिनाच्या पाण्यात बुडी मारून बसायचा आणि एका तारेतून मला खबर धाडायचा. ती मी जशीच्या तशी माणसांपुढे ठेवायचो. त्याच्याशिवाय माझं पानही हलत नसे.

पहिला मालक एक छानछोकी तरुण होता. तो फक्त वेगाच्या काट्याकडे आणि आरशातल्या स्वतःच्या भांगाकडे बघायचा. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीचा कंटाळा आल्यावर त्याने ती विकली आणि आम्ही मास्तरांच्या घरी आलो.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडला असेल. आवाज खणखणीत, शिस्त कडक आणि शिकवणीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माणूस थापा मारतो, काटा मारत नाही." माझ्या शेजारचा पेट्रोलचा काटा जन्माचा थापाड्या होता, ते सोडून द्या. मास्तरांना म्हणायचं होतं ते मला, असं मी आपलं समजायचो आणि फुगायचो.

त्यांची एकुलती एक लेक तेव्हा शेजारच्या सीटवर बसून पाय हलवत असायची. घाट लागला की मास्तर विचारायचे, "काटा काय म्हणतो?" ती मान उंच करून माझ्याकडे बघायची आणि ओरडायची, "अर्ध्याच्या खाली!" मग मास्तर म्हणायचे, "मग चला." अक्षरं वाचता यायच्या आधी ती मला वाचायला शिकली.

पुढे मास्तरांना साखरेच्या आजाराने गाठलं. हळूहळू पावलांची जाणीवच गेली. पायात चप्पल आहे की घसरून मागे राहिली, हे त्यांना खाली बघून कळायचं. एकदा ब्रेकवर पाय ठेवला आहे असं समजून त्यांनी गाडी फाटकावर नेऊन आदळली. त्याच दिवशी किल्ली लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "पेडल कळत नाही त्याने चालवू नये. मी हेच शिकवत आलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुन्हा म्हणून ते त्या सीटवर बसले नाहीत.

त्याच सुमारास जुनं इंजिन गेलं. आतून तडा गेला आणि सुटे भाग कुठेच मिळेनात. गाडीवर ताडपत्री पडली. मी 'थंड'वर टेकून पडलो आणि माझ्या काचेवर एका कोळ्याने संसार थाटला.

ताडपत्री काढली ती जावयाने. लेक अ‍ॅम्ब्युलन्स चालवते आणि जावयाचं स्वतःचं गॅरेज आहे. माणूस हाताचा कुशल, मनाचा लोण्याचा. सासऱ्यांसमोर मान वर करून बोलायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन त्याच्या हाती लागलं होतं. आकाराने जुन्यापेक्षा लहान, पण बाजूला टर्बो. धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा तो. इंजिनात हवा ठासून भरतो आणि अंगातली ताकद दुप्पट करतो.

"बाबा, परवानगी असेल तर हे बसवू?" त्याने विचारलं.

मास्तरांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बसवा. पण जावईबापू, माझी एक अट आहे. पुढचं झाकण उघडून काय हवा तो गोंधळ घाला. आत बसल्यावर मला माझीच गाडी दिसली पाहिजे. आतल्या कशालाही हात लावायचा नाही. काटा हाच राहील."

मला गहिवरून आलं. आता वाटतं, तिथेच सगळं बिनसलं.

जुनं इंजिन साखळीला लटकून वर गेलं, हेलकावे खात माझ्यासमोरून निघालं आणि त्याच्या पोटात बसलेला माझा खबऱ्याही गेला. इतक्या वर्षांची सोबत, पण निरोपसुद्धा झाला नाही. मग नवं इंजिन आलं. त्याच्यासाठी पत्रा कापला, नवे आधार जोडले. रेडिएटर मात्र जुनाच राहिला, कारण गाडीच्या नाकात मोठा मावत नव्हता. आणि मास्तर आता बसायचे त्या शेजारच्या सीटसमोर, पावलांपाशी, हीटरला गरम पाणी पोचवणारा रबरी पाईप होता, तोही जुनाच राहिला. तो 'आतला' होता ना!

माझी तार नव्या इंजिनाच्या सेन्सरला जोडली गेली. गाडी सुरू झाली, टर्बोने बारीक शीळ घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खबर ऐकू लागलो. नव्या खबऱ्याची भाषाच निराळी होती. तो ओरडून सांगायचा ते माझ्यापर्यंत कुजबुज होऊन पोचायचं. पाणी चांगलंच तापलेलं त्या बंद गॅरेजातल्या वासावरून मला कळत होतं, आणि मी मात्र अर्ध्याच्या खाली, अगदी शहाण्या बाळासारखा.

"बघा बाबा, काटासुद्धा खूश आहे," जावई म्हणाला.

मग तो जरा घुटमळला. "बाबा, या इंजिनाचा स्वतःचा एक इशाऱ्याचा दिवा असतो. इथे कोपऱ्यात, अगदी छोटासा, लावू का?"

"काटा आहे ना?"

"आहे, पण..."

"मग दिवे लावायला ही काय जत्रा आहे?"

 दिव्याची तार गुंडाळून जावयाने आत सरकवून दिली. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "तू त्यांना नाही म्हणायला कधी शिकणार रे?" तो ओशाळून हसला. सासऱ्यांचं मन मोडायचं नाही, हा त्याचा गुण. अशा गुणाने माणसं कशी गोत्यात येतात ते मला लवकरच दिसणार होतं.

सपाट रस्त्यावर काही झालं नाही. पण घाटमाथ्यावर दरवर्षी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. मास्तरांचा तिथे मान होता. इंजिन गेल्यापासून ते गेले नव्हते. या वेळी ते पोरासारखे उतावीळ झाले होते. जावई हत्यारांची गाडी घेऊन सकाळीच पुढे गेला. दुपारी लेक स्टिअरिंगवर बसली, मास्तर शेजारी, आणि आम्ही घाट चढू लागलो.

पहिली काही वळणं टर्बोची शीळ घुमत होती. मास्तर मांडीवर ठेका धरून होते. पण मला काचेमागून धग लागत होती. जुना रेडिएटर नव्या इंजिनाची आग विझवायला पुरत नव्हता. नवा खबऱ्या जिवाच्या आकांताने सांगत होता, आणि मी तिथेच, अर्ध्याच्या खाली. मला वर सरकायचं होतं. किती जोर लावला म्हणून सांगू! पण काट्याच्या हातात काय असतं? तारेतून येईल तेवढाच तो हलतो.

"बाबा, गाडी ओढत नाहीये," लेक म्हणाली.

"चढ आहे. काटा काय म्हणतो?"

तिने बघितलं. "अर्ध्याच्या खाली."

"मग चला."

माझ्या जागेवरून मला मास्तरांच्या बुटांची टोकं दिसत होती. त्यांच्यापाशी तो रबरी पाईप फुगत चालला होता. जोडाच्या बाजूने थेंब सुटला. कढत थेंब. तो बुटावर पडला, मग दुसरा, मग धारच लागली. ती बुटात उतरत होती आणि मास्तर खुशाल दरीतली झाडं बघत होते. दुसरा कोणी असता तर किंचाळून उभा राहिला असता.

समोरच्या काचेवर आतून धुकं धरलं. लेकीने हाताने पुसलं. हात चिकट झाला.

"ही कसली वाफ?"

"बाहेर गारवा आहे ना, त्याने धरलंय," मास्तर म्हणाले. "शिकवलेलं विसरलीस का? खिडकी जरा उघड."

मागे एक ट्रक लागला होता. रस्ता अरुंद, एका बाजूला कठडा. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. लेकीने नाक आक्रसलं. इंजिनाच्या पाण्यात मिसळतात त्या औषधाला एक गोडसर वास असतो. तो आता गाडीभर पसरला होता.

"बाबा, गोड वास येतोय. मी थांबते."

"अगं, इथे कुठे थांबतेस? मागे ट्रक आहे! काही झालं असतं तर काटा बोलला असता. आजवर कधी खोटा पडलाय का तो?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मान उंचावून बघायची तसंच, सरळ, विश्वासाने. आयुष्यभर मला एकच हाव होती, की माणसांनी माझ्याकडे बघावं आणि माझं मानावं. त्या क्षणी मात्र मी मनातल्या मनात आक्रोश करत होतो. पोरी, माझं ऐकू नकोस. या एका वेळी मला खोटा समज. पायांकडे बघ, बाबांच्या पायांकडे बघ!

मला तोंड असतं तर! पण मी अर्ध्याच्या खाली, गोजिरवाणा, शांत.

तिने दात आवळले. "काट्याला म्हणायचं ते म्हणू दे. मशीनवर सगळे आकडे छान आणि गाडीतला पेशंट काळानिळा, असं मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने ब्रेक दाबला, गाडी कठड्याला घासत उभी केली आणि किल्ली फिरवली. मागे ट्रकचे ब्रेक कर्कश किंचाळले.

"पाय वर घ्या, बाबा!"

"कशाला? मला काहीसुद्धा होत नाहीये..."

"तुम्हाला कळत नाही म्हणूनच सांगतेय!"

ती उडी मारून उतरली, वळसा घालून आली, दार उघडलं आणि मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना ओढलं. रुग्णांना उचलून उचलून तिच्या दंडांत बळ आलेलं. मास्तर रस्त्यावर बसते झाले. एक बूट आतच राहिला. आणि पाईप फुटला.

उकळत्या पाण्याचा लोट त्या बुटावर, सीटवर, डॅशबोर्डवर आदळला. सगळं वाफेने भरून गेलं. माझी काच तडकली. आणि मी? किल्ली बंद झाल्यामुळे मी 'थंड'वर जाऊन पडलो होतो. गाडीत उकळी फुटली होती आणि मी सांगत होतो, थंड.

ट्रकवाला शिव्या द्यायला उतरला होता, तो पाण्याचा कॅन घेऊन धावला. लेकीने मोजा कापून काढला. पाऊल लालबुंद, टाचेपाशी फोड. मास्तर त्याकडे दुसऱ्याच कुणाचं असावं तसे बघत होते. साखरेच्या माणसाचं भाजलेलं पाऊल म्हणजे काय, हे लेकीला पक्कं ठाऊक. कॅन रिकामा होईपर्यंत ती पाणी ओतत राहिली.

लेकीचा फोन गेल्यावर जावई वरून धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, मी दिव्यासाठी हट्ट धरायला हवा होता."

"मी ऐकलं असतं का?" मास्तर म्हणाले. त्यांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जखम भरायला खूप दिवस लागले. डॉक्टरांनी एकदा बोटं काढायची भाषाही केली होती, पण पाऊल वाचलं. दरम्यान जावयाने कुणाला न विचारता गाडीच्या नाकातला पत्रा कापून मोठा रेडिएटर बसवला, सगळे पाईप बदलले आणि कोपऱ्यात लाल दिवा लावला. माझ्या भाषेत बोलणारा खबऱ्या शोधून आणला. पातेल्यात पाणी उकळून, थर्मामीटर लावून मला तपासलं. मी बरोबर निघालो. माझी तडकलेली काच मात्र त्याने तशीच ठेवली. का, ते मी विचारू शकत नाही.

परवा आम्ही पुन्हा घाट चढलो. मी अर्ध्याच्या खाली होतो, आणि या वेळी ते शंभर टक्के खरं होतं. लाल दिवाही विझलेला. तरी अर्ध्या वाटेवर लेकीने गाडी बाजूला घेतली, वाकून बाबांच्या बुटांवर हात फिरवला, उतरून झाकण उघडलं, पाईप चाचपले आणि मगच परत येऊन बसली. मास्तर म्हणाले, "मग चला."

मला लागलं, नाही म्हणत नाही. इतक्या वर्षांची पत एका घाटात गेली. पण किल्ली फिरवताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं. पोरी, मी आज खरं बोलतोय. उद्याही बोलेन. तरी तू उतर आणि बघून घे.