गुंडीच्या मांडीचं माप

पंचावन्नाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरायचं म्हणजे काही गंमत नाही हो! डॉक्टरीणबाईंनी तीस वर्षं जनावरांना टाके घातले, हाडं जोडली, अडलेल्या गायी सोडवल्या. आणि आता त्या कुत्र्यांच्या व्यायामोपचाराचा वर्ग करायला लेकीच्या वयाच्या डॉक्टरांमध्ये वही उघडून बसल्या होत्या. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणायची. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. पण बाईंना लाज नव्हती वाटत, धास्ती वाटत होती. धास्ती गुंडीच्या पायाची.

गुंडी ही दादाची कुत्री. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला शिंपी. पिल्लू असताना हिने गिऱ्हाइकाच्या शर्टाची गुंडी गिळली, तेव्हापासून तेच नाव पडलं. वहिनी गेल्यावर त्या घरात दादाशी बोलायला उरली ती हीच. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मागच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. बाईंनी स्वतः ऑपरेशन केलं, उत्तम झालं. पण गुंडी काही पाय टेकेना. तीन पायांवर टुणटुण उड्या मारत फिरायची आणि चौथा पोटाशी धरायची. वापर नाही म्हटल्यावर मांडी वाळायला लागली. असंच राहिलं तर तो पाय जन्मभराचा लटकणार, आणि सगळा भार वाहून दुसरा गुडघाही जाणार, हे बाईंना ठाऊक होतं. तीस वर्षं त्या हाड जोडून मोकळ्या व्हायच्या. पुढचं शिकवलंच कुणी नव्हतं. म्हणून तर हा वर्ग.

वर्गाचा नियम असा, की प्रत्येकाने एक कुत्रं धरायचं, आठ आठवडे त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, दर रविवारी मांडीचं माप सेंटीमीटरमध्ये लिहायचं आणि शेवटी कुत्र्यासकट मॅडमसमोर उभं राहायचं. बाईंनी गुंडी धरली. दादाने लगेच जुन्या जीन्सचा पट्टा शिवला, पोटाखालून घालायचा आणि वर दोन बंदांनी धरायचा. शिवण अशी, की हत्ती टांगावा! सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्यात धरून तो गुंडीला उभी करायचा, चालवायचा. बाई दवाखाना आटपून रविवारी पोचायच्या तोवर माप घेऊन झालेलं असायचं.

"एकतीस," दादा सांगायचा. दुसऱ्या रविवारी एकतीस. तिसऱ्या रविवारीही एकतीस. बाईंचं तोंड एवढंसं व्हायचं. चौथ्या रविवारी मात्र दादा दारातच उभा होता. "चिंगे, साडेबत्तीस!" बाईंनी त्याला मिठीच मारली. मग तेहतीस झालं, आठव्या आठवड्याला चौतीस. बाईंनी एकदाही स्वतः टेप लावली नाही. ज्याने चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली, त्याने घेतलेलं माप पुन्हा तपासायचं? कोणत्या तोंडाने?

परीक्षेच्या सकाळी बाई, दादा आणि गुंडी वर्गावर हजर झाले. रबरी चटया अंथरलेल्या, भिंतीला मोठा आरसा. मॅडमनी आपली टेप काढली. तिच्या टोकाला स्प्रिंग होती. ठरावीक ताण आला की थांबायचं, आपल्या मनाने ओढायची सोयच नाही. मॅडमनी माप घेतलं, वहीत बघितलं, पुन्हा घेतलं.

"मावशी, तुमच्याकडे चौतीस लिहिलंय. ही तर एकतीस आहे."

 बाईंनी दादाकडे बघितलं. दादा चटईकडे बघत होता. सदऱ्याची कॉलर मापताना शिंपी टेपेखाली एक बोट घालतो, गळ्याला श्वास घेता यावा म्हणून. बाईंनी लहानपणापासून हजारदा पाहिलेलं ते बोट आता त्यांना जसंच्या तसं दिसलं. गुंडीच्या मांडीवर आधी एक बोट, मग दोन.

"वहीतली मापं चुकलीत, मॅडम," त्या म्हणाल्या. "आठ आठवड्यांत मी एकदाही स्वतः माप घेतलं नाही. चूक माझी आहे."

"तिची कसली डोंबलाची चूक!" दादा उसळला. "मी केलं ते. दर रविवारी हिचं तोंड बघवेना मला. म्हटलं, मांडी काय आज ना उद्या भरेलच, निदान ही तरी हसेल."

बाईंना राग आला, अगदी कानशिलं तापली. आणि त्याच क्षणी रडूही आलं. आई-बाप गेल्यावर ह्याच माणसाने आपल्याला वाढवलं. दहावीपर्यंत आपलं दप्तर ह्याच्या खांद्यावर. पोरं चिडवायची, तरी खाली ठेवायचा नाही. अजूनही माझं तोंड पडू नये म्हणून खोटं बोलतोय वेडा!

 मॅडमनी पायाखाली ठेवायचे दोन वजनकाटे आणले, एकावर गुंडीचा उजवा मागचा पाय ठेवला, दुसऱ्यावर डावा. "काका, घरी धरता तस्सं धरा." दादाने पट्टा धरला. उजवा काटा तीन किलोवर गेला. डावा जेमतेम अर्ध्यावर.

"हिच्या मागच्या पायांवर मिळून सात किलो तरी यायला हवेत," मॅडम म्हणाल्या. "इथे साडेतीनच आहेत. बाकीचे कुठे गेले?"

बाईंनी दादाच्या हातांकडे बघितलं. मनगटाच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या. दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, गुंडीच्या मागच्या अंगाचं निम्मं वजन ह्या माणसाने उचलून धरलं होतं. पायाला काम पडणार कुठून?

"दादा, तिसऱ्या आठवड्यापासून पट्टा ढिला सोड म्हटलं होतं ना मी?"

"सोडायचो की. पण तिचा पाय थरथरायचा गं. पडली असती तर?"

"पडली असती तर उठली असती. माझं दप्तर तू अकरावीत सोडलंस. पहिल्या दिवशी जिन्यावर आपटले होते मी, तुला सांगितलं नव्हतं. पण मग चढले ना?"

दादाने मान वर केली. मग एकेक बोट सैल करायला लागला. डावा काटा एकवर आला. गुंडीचा पाय थरथरला, तिने मागे वळून दादाकडे बघितलं, दादाने डोळे घट्ट मिटले पण मूठ आवळली नाही. दीड. दोन. दोनच्याही थोडा पुढे जाऊन काटा डुलत थांबला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गुंडी चार पायांवर उभी होती.

"चिंगे, काय झालं? पडली का?"

"डोळे उघड, गाढवा," बाई म्हणाल्या, आणि भर वर्गात रडल्या.

मॅडमनी वहीतली मापं बाद केली आणि दोन महिन्यांची मुदत दिली. तोवर मांडी भरली, तर पाय वाचला. पोरांनी मावशींसाठी टाळ्या वाजवल्या, नापास होऊन टाळ्या मिळवणाऱ्या वर्गातल्या त्या पहिल्याच.

त्यानंतर दादाने पट्टा खुंटीला टांगला आणि गुंडीशेजारून हात पाठीमागे बांधून चालायला लागला, कारण मोकळे ठेवले की ते आपोआप पुढे जायचे. ती दोनदा पडली. दोन्ही वेळा तोच जास्त ओरडला.

मुदतीतल्या चौथ्या रविवारी बाईंनी स्प्रिंगची टेप लावली. "साडेएकतीस."

"थांब," दादा म्हणाला. चष्मा लावून खाली बसला आणि टेप आणि मांडी यांच्यामध्ये अंगठ्याचं नख सारून बघितलं. नख शिरलं नाही.

"लिही," तो म्हणाला.