चांद्याची वेसण

माळीपुऱ्यात मनकर्णाबाईला पाठीमागे ‘हाडकाची चितारीण’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. वांग्याच्या वाफ्यात मेलेला पक्षी सापडला तर दुसरी बाई तो काठीनं ढकलून देई. ही त्याच्याजवळ उकिडवी बसून मुंग्या कुठून आत शिरतात ते बघे. सापाची कात, अळीनं पोखरलेलं बोंड, गिधाडांनी साफ केलेल्या फासळ्या, सगळं डोळ्यांत साठे आणि लग्नसराईत लोकांच्या भिंतींवर उतरे. शिकवलं कोणी नव्हतं. पण तिच्या मोराच्या पिसांखाली पक्षी असे आणि बैलाच्या कातड्याखाली हाडं. म्हणून नावं ठेवणारेही बोलावणं तिलाच धाडत.

त्या वर्षी अमरावतीला कापसाचं खूळ लागलं होतं. सात समुद्रांपलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत होते म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि दम निघत होता वऱ्हाडातल्या बैलांचा. दलाल शालिकराम गाडीमागून गाडी अकोल्याकडे काढी. प्रत्येक फेरीला स्वतः सोबत जाई. गाडीवाल्यांवर त्याचा भरवसा नव्हता. वैशाखात त्यानं मनकर्णाबाईच्या नवऱ्याचा, शेषरावाचा, चांद्या बैल गाडीला नेला. चांद्या परत आला नाही. शालिकरामनं येऊन सांगितलं, रोग आला, लिंबाखाली मीठ घालून पुरला, नारळसुद्धा फोडला. शेषराव भला माणूस. त्यानं हात जोडले, आणि दसऱ्यानंतर जोडीतला उरलेला पाखऱ्याही पाठवतो म्हणून शब्द देऊन बसला. मनकर्णाबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण पाखऱ्याला अडवायला तिच्यापाशी कारण नव्हतं.

श्रावणात उघडीप पडली तशी ती बहिणीच्या बाळंतपणाला मूर्तिजापूरला निघाली. वाटेत नाल्यापाशी गाडी रुतली. माणसं चाक काढत होती तोवर ही सवयीनं कडेचे सांगाडे बघत गेली. त्या रस्त्यावर सांगाड्यांना तोटा नव्हता. एका बाभळीखाली तिचा पाय थांबला. डावं शिंग पुढे वळलेलं, त्यावर गेल्या पोळ्याचा तिच्याच हातचा लाल हिंगूळ. पुढच्या पायाची नळी मोडलेली. चांद्यानं शेवटची खाल्लेली सरकी फासळ्यांत रुजून गुडघाभर वाढली होती. एखादा दाणा तोंडातच राहिला असावा. त्याचं रोप कवटीच्या डोळ्यातून बाहेर आलं होतं आणि त्याला पिवळं फूल लागलं होतं.

इतकं देखणं काही तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

मग वेसण दिसली. शेषरावानं वळलेली, अंबाडीची, मधे एक लाल पेड. वेसणीचा कासरा बाभळीच्या बुंध्याला होता, दोन गाठी मारून. मनकर्णाबाई त्या गाठींकडे बघत राहिली. मेलेल्या बैलाला कोणी बांधत नाही.

घरी आल्यावर तिनं सोडून आणलेली वेसण नवऱ्यापुढे टाकली. त्यानं ती हातात घेऊन लाल पेड चाचपला. मग म्हणाला की गाडीवाल्यांनी केलं असंन, शालिकरामजीच्या कानावर नसंन आलं, आणि शब्द तर देऊन झाला. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

त्याच आठवड्यात शालिकरामचं बोलावणं आलं. नवं घर बांधलं होतं. पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना बैल हवे होते. चितारण्याची रीत होती ती अशी: पडदा टाकून काम करायचं, डोळा पोळ्याच्या सकाळी शेवटी रंगवून उघडायचा. डोळा उघडला की चित्राचा देव झाला. मग घट बसताना भिंती पोतारतात तोवर ते पुसायचं नाही, रोज निवद दाखवायचा. शालिकरामनं ही रीत साऱ्या पेठेला हौसेनं सांगितली. पडद्याबाहेरून तो विचारी, बैल गुटगुटीत काढताय ना. मनकर्णाबाई आतून सांगे, हाडं धरून काढून राहिली, शेठ.

पोळ्याला झुली घातलेले बैल घेऊन लोक आधी त्याच्याच दारी आले. शेषरावही पाखऱ्याला घेऊन उभा होता. शालिकरामची बायको पार्बताबाई पुरणपोळीचं ताट घेऊन उंबऱ्यावर आली. मनकर्णाबाईनं पडदा ओढला.

उजवीकडे सांगितला तसा बैल होता. डावीकडे बाभूळ, तिला बांधलेला सांगाडा, आणि कवटीच्या खोबणीत डोळ्याच्या जागी पिवळं फूल. शेजारच्या खुंटीला खरी वेसण टांगलेली.

शालिकरामचा आवाज चढला नाही. “पुसा ते.”

“डोळा उघडला, शेठ.”

तो चुन्याच्या बादलीकडे वळला तशी पार्बताबाई ताट घेऊन चित्रापुढे आडवी उभी राहिली. पोळ्याच्या दिवशी दारातला देव कोणाला पुसू देणार नाही म्हणाली. मग मनकर्णाबाईकडे वळली. “कोनाचा बैल हाय हा?”

“आमचा. चांद्या. शेठनं लिंबाखाली पुरला म्हणे.” मनकर्णाबाईनं हातातली कुंचली खाली ठेवली. “कोनत्या लिंबाखाली, तेवढं सांगा शेठ. मले तिथं फूल वाहाचं हाय.”

शालिकरामनं लोकांकडे पाहिलं. “पाय मोडला होता त्याचा. माल वाटेत थांबोता येते काय?”

“मंग बांधला काहून?”

“सोडला तं गाडीमागं येऊन राहिला होता ना तो.”

शेषराव पुढे झाला, खुंटीवरची वेसण काढून त्यानं कमरेला खोचली आणि पाखऱ्याचा कासरा फिरवला.

“शब्द वापस घेतो, शालिकरामजी.”

त्याच्यामागून आणखी दोघं वळले. बाकीचे थांबले, कापसाचा भाव तोच होता. पार्बताबाईनं ताट सांगाड्यापुढे ठेवलं, आणि घट बसेपर्यंत रोज ठेवत राहिली. शालिकराम तेवढे दिवस मागच्या दारानं आला-गेला.

मनकर्णाबाई मात्र घरी येऊन रांजणापाशी हात धुवायला बसली आणि अर्ध्यावर थांबली. गाडीमागं येत होता. तीन पायांवर. ते तर आपण काढलंच नाही. आणि डोळा उघडलेल्या चित्राला आता बोट लावायची सोय नव्हती.

पण रस्ता काही शालिकरामच्या भिंतीत येत नव्हता. तिनं गेरूचं गाडगं उचललं, अकोल्याच्या नाक्यावर जाऊन उकिडवी बसली, आणि भर दुपारी, जाणाऱ्यायेणाऱ्यांना पाय जपून टाकायला सांगत, तीन-तीन खुरांचे ठसे काढत त्याच्या दारापर्यंत आली.