खात्रीचं कॉलेज

आईने गाडीचं मागचं सीट आडवं पाडलं, पुढचं रेलवलं, आणि बाबांनी डबल बेसची मान दोन सीटांच्या मधून अलगद आत सरकवली. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ बाबांपेक्षाही उंच होता आणि तो वाजवणारी त्यांची लेक जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची. घरात लेकीला चिमणी म्हणत आणि वाद्याला जावईबापू. कुठेही निघालं की आधी त्यांची बैठक लागायची, मग उरलेल्यांनी अंग चोरून बसायचं.

“कशाला ही उठाठेव?” उरलेल्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेत चिमणी म्हणाली. “मी त्या कॉलेजात जाणारच नाहीये.”

“नको जाऊस. पण बघून, वाजवून तर ये,” बाबांना घरी सोडून गाडी सुरू करत आई म्हणाली. “ न बघता यादीत ठेवलं तर ती नुसती भरती.”

आई बस डेपोत वेळापत्रकं लावायची. दोन गाड्या बंद पडल्या तरी माणसं घरी पोचली पाहिजेत, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. लेकीच्या कॉलेजांचंही तिने तसंच मनावर घेतलं. चिमणीला संगीत हवं होतं आणि इतिहासही, आणि त्यातलं कुठलंच तोंडी लावण्यापुरतं नको होतं. तिथेच अर्धी कॉलेजं गळाली. एकीकडे संगीत उत्तम तर इतिहास नावापुरता, दुसरीकडे इतिहासाचे दिग्गज पण संगीत म्हणजे स्नेहसंमेलनाची तयारी. उरलेल्यांचे आईने तीन भाग पाडले होते: आकाशातली, अंगणातली आणि अंथरुणातली. आकाशातली मिळाली तर नशीब. अंगणातली मिळतील असा मार्कांचा आणि वादनाचा अंदाज. अंथरुणातली म्हणजे डोळे मिटून, पाय पसरून मिळणारी. बरंच शोधून या शेवटच्या भागात एकच नाव सापडलं होतं आणि ते वाचून चिमणीने औषध घेतल्यासारखं तोंड केलं होतं.

“जे कुणालाही घेतात, तिथे कोण जाणार?” ती म्हणाली होती.

कॉलेज एका धुलाईच्या दुकानाला लागून होतं. विटांची जुनी इमारत, खिडक्यांत सुकत घातलेले पावसाळी कोट. कचेरीतल्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि छताकडे बोट दाखवलं.

“संगीत चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे.”

चिमणीने आईकडे पाहिलं. “झालं बघून. चल.”

आई काही बोलणार तेवढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारलेले एक गृहस्थ जिन्यापाशी थांबले. स्वेटरला खडूची बोटं लागली होती. त्यांनी वाद्याकडे पाहिलं, मग ते घेऊन उभ्या मुलीकडे, आणि गठ्ठा सरळ आईच्या हातात दिला.

“खालची बाजू मी धरतो. तू मानेकडून धर. मी इथे इतिहास शिकवतो, त्यामुळे ओझी वाहायची सवय आहे.”

चिमणीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. आई एका हातात गठ्ठा आणि दुसऱ्या हातात बेस वाजवायचा गज घेऊन मागून चढू लागली.

पहिल्या वळणावर सरांनी दम खाल्ला. “दोन्ही विषय कशासाठी हवेत गं तुला?”

“संगीत आणि इतिहास ही काळाशी बोलण्याची दोन रूपं आहेत,” चिमणीने अर्जातलं वाक्य घडाघडा म्हटलं.

“वा! कुणाचं आहे हे?”

चिमणीने वळून खाली पाहिलं. आई कठडा निरखू लागली.

“आईचं,” चिमणी म्हणाली.

“उत्तम आहे. आईंना प्रवेश देऊ. तुझं काय?”

चिमणीने मानेवरची पकड बदलली आणि ती पुढचा अख्खा मजला चढली. मग वळणावर वाद्य टेकवताना एकदम म्हणाली, “आम्ही वाजवतो ना, त्या सभागृहात एक जुना फोटो आहे. पहिल्या वाद्यवृंदाचा. खाली सगळ्यांची नावं आहेत. पण मागे दाराशी दोन माणसं उभी आहेत, त्यांची नावंच नाहीत. मी सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. मला वाटतं, ते वाद्यं वाहणारे होते.”

“कशावरून? सभागृहाच्या मालकाचे भाऊही असतील.”

“एकाने मनगटाला पट्टा गुंडाळलाय. उचलायचा असतो तसा. मी भिंगाने पाहिला.”

सर चढायला निघाले होते, ते थांबले. “जोडे पाहिलेस?”

“जोडे?”

“पट्टा कुणीही गुंडाळेल. जोडे सांगतात माणूस दिवसभर काय करतो ते.”

“नाही पाहिले,” चिमणी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला जणू घरात कुणी तिच्यापासून मिठाई लपवली होती. “पण मालकाचा भाऊ दाराशी कशाला उभा राहील, सर? पुढे बसेल की!”

“भांडण असेल दोघांचं.”

“मग फोटोलाच कशाला येईल?”

तिसऱ्या मजल्यावर दम खायला कुणी थांबलंच नाही. वाद घालत दोघं चढत राहिली आणि मागून येणारी आई मात्र क्षणभर पायरीवरच थांबली. अर्जातला तो निबंध तिने तीनदा दुरुस्त केला होता. ही दाराशी उभी असलेली माणसं तिला आज पहिल्यांदाच भेटत होती.

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तीन मुलं सराव करत होती. दारातून आधी लाकडी पोट आत शिरलं आणि पियानोवरचा मुलगा ओरडलाच, “बेस आला रे!” त्यांचा बेसवाला गेल्या वर्षी शिकून गेला होता. तेव्हापासून त्यांचं नुसतं भागवणं चाललं होतं. मी फक्त बघायला आलेय, असं चिमणी म्हणेपर्यंत तिच्यापुढे स्वरलिपीचा स्टँड आलाही होता.

आई सरांसोबत बाहेर वरच्या पायरीवर बसली. आतून पहिला प्रयत्न फिसकटला, खिदळणं ऐकू आलं. दुसऱ्या वेळी मात्र सुरांच्या खाली काहीतरी भक्कम येऊन बसलं. पाहुणे नसताना घरात हसते तसं चिमणी मधेच मोठ्याने हसली.

“तुमच्या यादीत आमचा नंबर कितवा?” सरांनी विचारलं.

आईला खोटं बोलता येईना. “शेवटचा. खात्रीचं म्हणून.”

सरांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. “इतिहासापुरतं बरोबर आहे तुमचं. जो येईल त्याला घेतो आम्ही. पण संगीत धरून दोन्ही घ्यायचं तर त्या खोलीत जागा हवी. आणि बेसची जागा एकच असते. यंदा रिकामी आहे, म्हणून अर्जही पुष्कळ आलेत. काही मुलं तर फारच चांगली आहेत.”

आकडे तिने अख्ख्या कॉलेजचे पाहिले होते, या खोलीचे नाही.

“म्हणजे खात्री नाही?”

“मुळीच नाही.”

आत पुन्हा सुरुवात झाली होती. आईने गठ्ठा मांडीवर नीट जुळवला, एक कोपरा दुमडला होता तो बोटाने सरळ केला. का कोण जाणे, तिला हसू येत होतं.

उतरताना वाद्य मुलांनी उचललं. चिमणी आणि सर पुढे. जोड्यांवरून दोघांचं अजून संपलं नव्हतं.

घरी पोचताच चिमणी ‘सभागृहाची किल्ली कुणाकडे असते?’ असं विचारत फोनकडे धावली. आईने जेवणाच्या टेबलावर यादी उलगडली, सर्वांत खालचं नाव खोडलं आणि वर, आकाशातल्यांच्याही वर, ठळक लिहिलं.

बाबा चष्मा कपाळावर सरकवून वाकले. “अगं, हे काय? मग अंथरुणातलं कुठलं?”

“दुसरं शोधू.”

“एवढं काय आहे तिथे? लिफ्ट तरी चालते का?”

“नाही ना,” आई म्हणाली, आणि ते तिने इतक्या समाधानाने म्हटलं की बाबांनी चष्मा डोळ्यांवर ओढून ते नाव पुन्हा वाचलं.