तिथ कंची व्हती?

सुचिताच्या हुशारीबद्दल आगरदांड्यात दुमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खुद्द सुचिताच्या मनातही नव्हतं. कोळ्याची पोर इंजिनीयर झाली आणि आता परदेशांत मदतीतून बांधलेली कामं तपासायला जायची. बांधणारे वेगळे, मदत देणारे वेगळे. काम लोकांच्या उपयोगी पडलं की नाही, हे सांगणारी ही. हिची सही झाल्याशिवाय पुढचं काम हलत नसे.

या खेपेला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक देश होता, बारा वर्षं आपसात लढून दमलेला. लढाईत होड्या लागायचे धक्के उडाले, बंदराच्या कचेरीतली भरती-ओहोटीची दप्तरंसुद्धा जळून खाक झाली. मग बाहेरच्या मदतीनं एका मच्छीमार गावात पहिला धक्का उभा राहिला. सुचिता तिथं तीन दिवस राहिली. काँक्रीट ठोकून पाहिलं, ओहोटीच्या वेळी पायऱ्या उतरून खालपर्यंत गेली. होड्या शेवटच्या पायरीला लागत होत्या आणि बायका टोपल्या घेऊन कोरड्या पायांनी वर येत होत्या. बघून तिला भरून आलं. असाच धक्का आणखी अकरा गावांत बांधावा, असा अहवाल तिनं परत येऊन दोन आठवड्यांत लिहिला. सोमवारी सही करायची तेवढी राहिली होती.

रविवारी ती आईकडे आली. तिची आई शकू तीस वर्षं जेट्टीवर मासळी विकत होती. लेकीचं कौतुक होतं तिला, पण ते ती कोलंबीसारखं मोजून मापून द्यायची. सुके बोंबील निवडता निवडता तिनं फोनवरचे फोटो पाहिले, धक्का बरा आहे म्हणाली आणि एका फोटोपाशी थांबली. हा ऐन ओहोटीचा, सुचितानं तोऱ्यात सांगितलं. बघ, ओहोटीलासुद्धा पायरीला पाणी आहे की नाही!

"तिथ कंची व्हती?" शकूनं विचारलं.

सुचितानं तारीख सांगितली.

"तारीख न्हाय गो. तिथ."

सुचितानं भिंतीवरचं कॅलेंडर मागं उलटलं. वद्य अष्टमी, मग नवमी, मग दशमी. म्हणजे भांग! भांगाच्या दिवसांत समुद्र आळसावलेला असतो. भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही, हे आगरदांड्यात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक. खरी ओहोटी पुनवेची आणि अवसेची. तेव्हा पाणी कुठच्या कुठे जातं. तिनं घाईघाईनं आराखड्याचे कागद उघडले. जुनी दप्तरं जळाली म्हणून आराखडेवाल्यांनी समुद्र नव्यानं मोजला होता, अवघे पाच दिवस. तेही भांगातच. घ्या, सगळंच मुसळ केरात.

आणि तेवढ्यात तिला त्या धक्क्यावरची एक म्हातारी आठवली. निघताना तिचा हात धरून म्हातारी काहीतरी सांगत होती, वर आभाळाकडे बोट दाखवत होती. चांद मोठा झाला की ये म्हणतेय, असं दुभाष्यानं सांगितलं होतं, सणाला बोलावत असेल. सुचितानं हसून तिचे आभार मानले होते. आभार! ती बाई सण नव्हे, उधाणाची ओहोटी बघायला बोलावत होती.

"कोळ्याची ना तू?" शकू एवढंच म्हणाली. सुचिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण रडत बसणारी ती नव्हे. सोमवारी तिनं मुंबईच्या कचेरीत तिच्या साहेबांना, मितेश सरांना, कळवलं की पुनवेपर्यंत सही होणार नाही. साहेब भडकले. अकरा गावांचं काम खोळंबलंय, आणि बाईसाहेबांनी कारण काय लिहिलंय, तर भांग! लोक म्हणतील, भांग पिऊन अहवाल लिहितात.

"सर, चूक माझी आहे, आणि तीही अहवालात लिहिणार आहे," सुचिता म्हणाली. "पण माझी सही पुनवेनंतरच."

पाच दिवसांनी पुनवेच्या ओहोटीला दुभाष्यानं फोटो पाठवला. शेवटची पायरी माणसाच्या छातीइतकी वर लटकत होती. खाली नुसता चिखल, होड्या दूर कलंडलेल्या. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका मांड्यांपर्यंत रुतल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे ती म्हातारी. सुचितानं तो फोटो अहवालाच्या पहिल्याच पानावर लावला. धक्का चाळीस पावलं पुढे न्या, पायऱ्या खाली वाढवा, आणि अकराही गावांत उधाणाची ओहोटी मोजल्याशिवाय पहिला दगड ठेवू नका, असं लिहून तिनं ठसठशीत सही केली. तो फोटो बघितल्यावर मितेश सरांनी अहवाल त्याच दिवशी पुढे धाडला. मदत देणाऱ्यांनी एक अक्षर न बदलता सगळं मान्य केलं.

पुढल्या वर्षी तिकडून नवा फोटो आला. धक्का लांबला होता. अगदी खालच्या पायरीवर म्हातारी टोपली घेऊन उभी होती आणि होडी तिच्या पायाशी लागली होती. सुचितानं फोन आईपुढे धरला. शकूनं ओला हात पदराला पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "तिथ कंची?"

"अवस."

शकूनं बोटांनी फोटो मोठा केला.

"पाय सुके हाईत गो तिचे," ती म्हणाली.