ठिगळावरचे पोपट

"मी न्हाय येणार," आण्णाप्पा कॉटवरचे पाय न हलवता म्हणाला. "माझ्या साडीचं वाटोळं केल्यालं बघाय तिकडं कशाला येऊ?"

"पन्नास वर्सं झाली त्याला. अजून तेच धरून बसलाय?" गुणाबाई म्हणाली. "उठा आता. आन त्यो पांढरा सदरा काढा. पांढरं क्यामेऱ्यात भडक दिसतंय."

"मला कोण क्यामेऱ्यात घ्यायला बसलंय!"

पण सदरा त्यानं बदलला.

या जोडप्याची वडगावात जुनी चेष्टा होती. नवऱ्यानं मागावर बसून नवी साडी विणायची आणि बायकोनं ती नेऊन जुनी करायची. गुणाबाई तरुणपणी कोल्हापूरच्या स्टुडिओत सिनेमाचे कपडे करत असे. निपाणीला मामाच्या दुकानात मशीन चालवायला शिकली आणि नाटकवाल्यांचे अंगरखे उसवून शिवता शिवता स्टुडिओपर्यंत पोचली. राण्यांचे शालू करायला तिथे मोठी माणसं होती. हिच्या वाट्याला मोलकरणी, विधवा आणि शेतमजुरणी आल्या. तिनं कुरकुर केली नाही. कोरी साडी ती तंबाखूच्या पाण्यात बुडवायची, विहिरीच्या काठावर आपटायची आणि खांद्यागुडघ्याशी वजरीनं घासायची. बायका टाचा घासतात तीच वजरी. चार दिवसांत साडी जन्मभर वापरल्यासारखी व्हायची. आण्णाप्पा ते बघून तोंड फिरवायचा. विणकराच्या घरात हे म्हणजे ताटातलं अन्न मातीत कालवण्यासारखंच होतं.

पडद्यावर नाव यायचं, 'वेशभूषा – गुणाबाई'. मग रंगीत सिनेमे आले, नायिका मुंबईहून आपले शिंपी आणू लागल्या, आणि गुणाबाई वडगावात परतून साड्यांना फॉल लावत बसली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. काही वाटून घेणं तिनं त्याच्या आधीच सोडून दिलं होतं.

त्यांची एकुलती एक लेक, पूर्णिमा, नुकती बोलायला लागली होती. ती तापाचं निमित्त होऊन गेली. गुणाबाई कोल्हापुरात होती. ती घरी पोचेपर्यंत पोरीला माती देऊन झाली होती आणि तिचे कपडेही तिच्याबरोबर गेले होते. फोटो कधी काढलेला नव्हता. रोज क्यामेऱ्यासमोर वावरणाऱ्या बाईला लेकीचा एक फोटो काढायचं सुचलं नाही, याला काय म्हणावं? मागे उरलं ते एक झबलं, पोपटांच्या छापाचं. आखूड झालं म्हणून खालची दुमड उसवायला गुणाबाईनं ते बरोबर नेलं होतं, तेवढंच वाचलं.

पोरीचे दिवस झाले आणि ती कामावर गेली. घरी बसून तरी काय करणार होती? सिनेमा निपाणीतल्या एका विडीवालीचा होता. नायिकेची साडी आण्णाप्पाच्याच मागावरची, आणि तिच्या पदराला ठिगळ हवं होतं. गुणाबाईनं झबलं कापलं आणि लावलं. कापड कुजतं, फिल्म राहते, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं.

सिनेमा लागला तेव्हा तिला तो बघवला नसता, म्हणून ती गेलीच नाही. पुढे कधीतरी बघू म्हणेपर्यंत त्याच्या रिळांचाच पत्ता लागेना. आता कुठल्याशा गोदामात एक प्रत सापडली होती आणि ती साफ करून घेतली होती. बेळगावच्या चित्रपट मंडळानं आज ती दाखवायचं ठरवलं होतं, आणि गुणाबाईचा सत्कारही. सत्काराचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिला पोपट बघायचे होते. आण्णाप्पालाही बघायचे होते. कुरकुरत का होईना, तो उठला तो त्यासाठीच.

मंडळातली प्रियदर्शनी नावाची पोरगी गाडी घेऊन आली. "आज्जी, पुढं बसा. आज तुमचा मान हाय."

"मला मागंच बरं," म्हणत गुणाबाई नवऱ्याशेजारी बसली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर आण्णाप्पा हळूच म्हणाला, "पोपट वळखू येतील न्हवं? माझ्या डोळ्यांचं तुला ठाव हाय. मोतीबिंदू का काय त्यो."

"येतील. लई जवळनं घेतलंय ते."

हॉलमध्ये दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. दिवे मालवले, काळंपांढरं चित्र सुरू झालं. नायिका पाटी घेऊन चालत आली.

"ही माझी साडी?" आण्णाप्पा कुजबुजला.

"व्हय."

त्यानं डोळे बारीक करून पडदा न्याहाळला. मग म्हणाला, "खरंच गरीब दिसती गं बाई." त्याच्या तोंडून तिच्या कामाला बरा शब्द आला तो आज पहिल्यांदा. एरवी तिला हसू आलं असतं. आता ती पुढचीच वाट बघत होती.

नायिका उंबऱ्यावर विड्या वळायला बसली. पदर मांडीवर आला. क्यामेरा जवळ गेला, आणखी जवळ गेला, आणि ते ठिगळ पडदाभर झालं.

त्यावर काहीच नव्हतं. विरलेलं, मळकं, सपाट कापड. टाका टाका मोजता येत होता, इतकं स्वच्छ चित्र होतं, आणि पोपट नव्हते.

फिल्म साफ करणाऱ्यांनी पुसले असतील, असं तिला आधी वाटलं. मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर गोल गोल फिरत होता, दाबून, घासत. आणि तिला आठवलं. क्यामेरावाला म्हणाला होता, "बाई, ठिगळ लई नवं दिसतंय, जरा बघा." ती साडी घेऊन विहिरीवर गेली होती आणि वजरी हातात घेतली होती. तसे नग तिनं शेकड्यांनी केले होते, त्यातलाच हा एक. हातांना काम कळत होतं. कापड कुणाचं आहे, ते त्या दिवसांत तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

"दिसलं का गं?" आण्णाप्पानं विचारलं.

तिनं हात दांडीवरून उचलला. छातीत काहीतरी हलेल म्हणून ती थांबून राहिली. काही हललं नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले. तिला मंचावर नेऊन शाल घातली. मंडळाचे अध्यक्ष भारावून बोलत होते. "त्या ठिगळाकडं बघा! एका गरीब बाईचा सगळा जन्म त्यात दिसतो. आक्का, सांगा की, हे केलंत तरी कसं?"

तिच्यापुढे माइक आला.

"वजरीनं घासलं," गुणाबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "काय ऱ्हायलं न्हाय तवर घासलं."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत एकटा आण्णाप्पा बसून होता, हात गुडघ्यांवर ठेवून. त्यानं ऐकलं होतं.

प्रियदर्शनीनं तिला धरून खाली आणलं. ती त्याच्याशेजारी बसली. लोक फोटोसाठी घोळका करत होते. आण्णाप्पा पांढऱ्या पडद्याकडेच बघत म्हणाला,

"मला दिसलं गं पोपट."

ती त्याच्याकडे वळली.

"हिरवंगार होतं," तो म्हणाला. "चोची लाल."

काळ्यापांढऱ्या चित्रात कुठला रंग कसा उतरतो, हे जन्मभर ध्यानात ठेवून तिनं कापडं निवडली होती.

"व्हय," गुणाबाई म्हणाली. "चोची लालच होत्या."